शिवारातला सौर प्रकल्प आणि दिवसाची लाइट : पाचपैकी चार तारे

आमचं कांदा-गव्हाचं रान वैजापूर तालुक्यात. शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधला पहिला प्रकल्प आमच्याच तालुक्यात, धोंदलगावला, 2024 मध्ये सुरू झाला; 3 मेगावॅटचा. पुढे आमच्या वीज उपकेंद्रालगतही प्लेटा (सौर पॅनेल) बसल्या आणि आमचा फिडर, म्हणजे शेतीपंपांना वीज देणारी लाइन, सौरवर आला. हा अभिप्राय आमच्याकडच्या प्रकल्पाबद्दल आहे.

लाइटीला पूर्ण गुण. आधी मोटारीला लागणारी थ्री फेज लाइट आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री यायची. रात्रीची पाळी आली की घरचा माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जाणार आणि घरातल्यांचा डोळा लागणार नाही. बांधावर साप, उसात बिबट्या. आता सकाळी मोटार चालू होते. आम्ही बायकासुद्धा भरणं करतो. उजेडात वाफा कुठे फुटला ते लगेच दिसतं, पाणी वाया जात नाही. वीज उपकेंद्राच्या शेजारीच तयार होते, त्यामुळे दाबही बरा मिळतो आणि मोटार जळायची धास्ती कमी झाली. आभाळ आलं तर उपकेंद्रातून नेहमीची वीज मिळते.

जमिनीची निवड मला सगळ्यात पटली. एका मेगावॅटला साधारण चार एकर लागतात. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला 1.25 लाख रुपये भाडं आणि दरवर्षी 3 टक्के वाढ, असा योजनेचा दर आहे. शेजाऱ्यांनी दिलेला तुकडा मुरमाड, बाजरीही धड न येणारा; काळी जमीन अडकली नाही. आधी गायरानाचं नाव पुढे आलं होतं. गायरान कागदावर पडीक दिसतं, पण गावाच्या शेळ्या तिथेच चरतात, टिटवी तिथेच उघड्यावर अंडी घालते आणि आमच्याकडे काळवीटांचे कळपही त्याच बाजूने फिरतात. ग्रामसभेने ते अडवलं, फार चांगलं केलं.

एक तारा कापला तो तणनाशकासाठी. पहिल्याच पावसानंतर प्लेटांखाली गवत माजलं. प्लेटांवर सावली नको म्हणून ठेकेदाराने सरसकट औषध मारलं. तिथला उतार ओढ्याकडे आणि ओढ्याच्या कडेला पिण्याच्या पाण्याच्या विहिरी! शिवाय गवत जळाल्यावर माती उघडी पडली, धूळ उडून प्लेटांवर बसायला लागली आणि ती धुवायला ऐन उन्हाळ्यात टँकर लागले. ज्या तालुक्यात माणसांना टँकर लागतात तिथे हे बघवत नाही. ग्रामसभेत बायकांनी विषय लावून धरला, तेव्हा औषध बंद झालं. आता धनगरांच्या मेंढ्या आत सोडतात. गवत आटोक्यात राहतं, मुळांनी मुरूम धरून ठेवल्यामुळे पावसात धूप होत नाही आणि धूळही कमी बसते. मेंढ्याच सोडाव्यात; शेळ्या प्लेटांवर चढतात.

कुंपणाची जाळी मात्र अजून जमिनीला टेकलेली आहे. खालून वीतभर जागा सोडली तर ससा, मुंगूस आरपार जाईल. खर्च काहीच नाही, तरी कोणी मनावर घेत नाही.

तुमच्या गावात असा प्रकल्प येणार असेल तर येऊ द्या, आमचं शेत त्यानेच सुधारलं. योजनेतून ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख याप्रमाणे तीन वर्षं अनुदान आहे, त्याचा हिशेब मागा. आणि काम सुरू व्हायच्या आधी तणनाशक नाही, धुण्याचं पाणी कुठलं, ओढ्याकडे चर कसे काढणार, हे लेखी घ्या. 25 वर्षांनी, करार संपल्यावर, प्लेटा आणि खांब कोण काढून नेणार, तेही त्यातच लिहून घ्या. आमच्याकडे हे शेवटचं कलम तोंडीच राहिलं आहे. पुढच्या ग्रामसभेत ते आम्ही मांडणार आहोत.