नॅनो की व्हिम?

दोन्ही टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालणारे मजकूर-संपादक. टर्मिनलशी पहिलीच गाठ असेल तर नॅनो. कळा खालीच लिहिलेल्या असतात: कंट्रोल-ओ दाबून जतन, कंट्रोल-एक्सने बाहेर. पाच मिनिटांत काम सुरू.

ब्रॅम मूलेनार यांचा १९९१ सालचा व्हिम आधी छळतो. टाइप करायला जावं तर अक्षरं उमटत नाहीत, कारण तो उघडतोच नॉर्मल मोडमध्ये, जिथे प्रत्येक कळ म्हणजे आज्ञा. लिहायला आधी ‘आय’ दाबावा लागतो. (काही न जतन करता सुटका: एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. हे आधी पाठ करा!) पण हात बसला की ‘डीडी’ने ओळ उडते, ‘यू’ने परत येते. शिवाय तो शेजारी स्वॅप फाइल ठेवतो, म्हणजे जतन न केलेल्या बदलांची तात्पुरती नोंद. मेमरीतला मजकूर वेगळा आणि डिस्कवरची फाइल वेगळी, हे वीज गेल्यावर त्याच्यामुळेच नीट उमगतं. परवानगी नसलेल्या फाइलपुढे मात्र दोघेही हतबल.

मी व्हिमकडे झुकतो. त्याचा पूर्वज व्हीआय जवळजवळ प्रत्येक युनिक्स कार्यप्रणालीवर सापडतो.