जांघेच्या पुरळावरचं ‘जडीबुटी’ मलम : 17,700 रुपये पाण्यात

सांगलीत हे मलम घरोघरी फिरतंय, म्हणून लाज सोडून लिहिते.

शिंकलं, खोकलं की लघवी होते, पॅड लावावं लागतं. ज्यांना हे आहे त्यांना पुढचं माहीत आहे. ओल राहून जांघा लालभडक होतात, सालपटं निघतात. ओळखीच्या मेडिकलवाल्यासमोर हे बोलायचं कसं? तेवढ्यात फोनवर जाहिरात, मग गोड आवाजाची बाई. "काकू, घरी आणून देते, कुणाला कळायचं नाही." पैसे मोजले ते या वाक्याला. नोंदणीचे 1,500, डब्यांचे 6,800, ‘दुसऱ्या कोर्स’चे 9,400.

डबीवर नुसतं नाव. बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत, काही नाही. आयुर्वेदिक औषधालाही हे लागतं. बिल मागितलं तर म्हणे, "बिलावर जीएसटी पडेल काकू." तिथंच तिला जिन्यावरून खाली घालवायला हवी होती! मी निवृत्त शिक्षिका, वहीतली खाडाखोड एका नजरेत ओळखणारी. दिसलं नाही असं नाही. पण आग होत असताना लेबलं वाचत बसावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक रात्र तसं झोपून बघावं.

आणि गुण आला ना! दोन-चार दिवसांत लाली गेली. सगळी मेख तिथंच. मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, यात स्टेरॉईड असणार. ते आग झटकन दाबतं, पण कातडी पातळ करतं आणि ओलीतली बुरशी वाढवतं. कडेनं लाल पुटकुळ्या उठल्या तेव्हा ही विकणारी म्हणते, "विष बाहेर पडतंय." असं कुणी म्हटलं की फोन ठेवा.

आता डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं औषध, कोमट पाणी, साबण बंद, न घासता टिपून कोरडं करणं आणि वर झिंक ऑक्साईडचा पातळ थर. जाड थापलं तर पॅडला लागतं आणि पॅड शोषत नाही. ट्यूब 110 रुपयांची. एकशे दहा!

पोलीस चौकीत हवालदारानं मोठ्यानं विचारलं, "मलम कुठं लावायचं होतं?" बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मग म्हणे, पैसे तुम्हीच पाठवलेत, फसवणूक कसली? बँकेतही हेच. औषधांचं बघणाऱ्या कचेरीत बिल मागितलं. बिल असतं तर तिथं कशाला गेले असते? साहेब दौऱ्यावर, अर्ज टपालात टाका. हे जिच्याशी बोलावं अशी एक बाई त्या टेबलांवर नाही. बऱ्याच स्टेरॉईड मलमांना 2018 पासून डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची आहे, हे त्यांना मी सांगायचं!

पैसे फोनवरून गेले असतील तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला कळवा, ग्राहक तक्रारीला 1915. आणि लघवीचं डॉक्टरांना सांगा. व्यायामानं, औषधानं पुष्कळांचं कमी होतं, हे मला कुणी आधी बोललंच नाही.

डबी फेकू नका, तपासणीला नमुना तोच. माझी अर्धी शिल्लक आहे. न्यायला अजून कुणी आलेलं नाही. ‘तिसऱ्या कोर्स’साठी मात्र नव्या नंबरवरून फोन आला, 4,200 सांगितले.