दवाखान्यातील रक्तपेशी मोजणारे यंत्र : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात नागपुरातील माझ्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्तपेशी मोजणारे स्वयंचलित यंत्र बसवले. यंदाचा नवतपा ओलांडून आता त्याला दहा महिने झाले आहेत. त्याआधी सकाळी घेतलेला नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जात असे आणि अहवाल येईपर्यंत दुसरा दिवस उजाडत असे. गोचीड तापाने नाकातून रक्त वाहत असलेल्या कुत्र्यासाठी तो एक दिवस फार मोठा असतो. असे यंत्र घ्यावे की नाही, हे अनेक समव्यावसायिक मला विचारतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण येथे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी या पद्धतीच्या कोणत्याही यंत्राला लागू पडतात.

वॉलेस कोल्टर यांना १९५३ मध्ये ज्या तत्त्वाचे पेटंट मिळाले, त्याच तत्त्वावर हे यंत्र चालते. रक्त क्षारयुक्त द्रावणात पातळ करून एका अतिसूक्ष्म छिद्रातून सोडले जाते. प्रत्येक पेशी छिद्रातून जाताना विद्युतरोध क्षणभर वाढतो आणि ही वाढ पेशीच्या आकारमानाच्या प्रमाणात असते. म्हणजे यंत्राला पेशी दिसत नाही. त्याला फक्त तिचे आकारमान कळते. हिमोग्लोबिन मात्र वेगळ्या मार्गाने, तांबड्या पेशी फोडून द्रावणाच्या रंगावरून मोजले जाते. हा फरक सुरुवातीला मला केवळ तांत्रिक वाटला होता. तो किती उपयोगाचा आहे, हे एका शेळीने शिकवले.

कुत्र्याच्या तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान ६० ते ७७ फेम्टोलीटर (पेशी मोजण्याचे अतिसूक्ष्म एकक) असते, मांजराचे साधारण ३९ ते ५५, तर शेळीचे जेमतेम १६ ते २५. म्हणून प्रत्येक नमुन्याआधी पडद्यावर प्राण्याची जात निवडावी लागते. कळमेश्वरकडील एका शेळीचा नमुना आमच्या सहायकाने गडबडीत कुत्र्याच्याच सेटिंगवर लावला. अहवालात हिमोग्लोबिन ९.२ ग्रॅम, हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण) मात्र ८ टक्के आणि प्लेटलेट पंचवीस लाखांच्या वर, असे आकडे आले. शेळीच्या इवल्या तांबड्या पेशी यंत्राने प्लेटलेट म्हणून मोजल्या होत्या. हिमोग्लोबिनची तिप्पट म्हणजे साधारणतः हिमॅटोक्रिट, हा जुना ठोकताळा लावताच चूक उघडी पडली. सेटिंग बदलून तोच नमुना पुन्हा लावल्यावर हिमॅटोक्रिट २७ आला. आठ टक्क्यांवर विश्वास ठेवला असता, तर त्या शेळीसाठी रक्तदात्याचा शोध सुरू झाला असता. तेव्हापासून आमच्याकडे हा गुणाकार केल्याशिवाय एकही अहवाल मालकाच्या हाती जात नाही.

कुत्र्यांच्या बाबतीत मी यंत्रावर मनापासून समाधानी आहे. दोन-चार थेंब रक्त आणि मिनिटभराचा वेळ एवढ्यावर आकडे मिळतात. पावसाळ्यात आणि त्यानंतर एर्लिकिया व बॅबेसिया या गोचीडांमुळे होणाऱ्या आजारांचे रुग्ण रांगेने येतात, तेव्हा प्लेटलेटचा आकडा त्याच भेटीत हाती असणे ही मोठी सोय आहे. उपचार सुरू झाल्यावर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा मोजणी करता येते, आणि वाढता आकडा दाखवला की मालक औषधाचा पूर्ण महिनाभराचा क्रम सोडत नाही. पूर्वी दुसऱ्या आठवड्यातच अनेक जण गोळ्या थांबवत असत.

मांजरांनी मात्र मला एकदा खजील केले. नसबंदीसाठी आणलेल्या धडधाकट मादीचे प्लेटलेट ३८ हजार आले, म्हणून मी शस्त्रक्रिया पुढे ढकलली, तिच्या मालकीण ताईंना घाबरवले आणि दोन चाचण्यांचा खर्च करायला लावला. संध्याकाळी तिच्याच रक्ताची स्लाइड लीशमन रंगाने रंगवून पाहिली, तर पसरटीच्या टोकाला प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे होते. मांजराचे प्लेटलेट सुई टोचताच एकमेकांना चिकटू लागतात. गठ्ठ्याला यंत्र एक तर मोठी पेशी समजते किंवा मोजतच नाही. ही माहिती मला महाविद्यालयात असतानापासून होती. छापील आकड्याच्या रुबाबापुढे ती त्या दिवशी आठवली नाही. त्या ताईंची मी माफी मागितली आणि दोन्ही चाचण्यांचे पैसे परत केले.

असाच दुसरा प्रसंग गर्भाशयात पू झालेल्या एका लॅब्रॅडॉर कुत्रीचा आहे. तिच्या एकूण पांढऱ्या पेशी अगदी सामान्य मर्यादेत आल्या. आमचे यंत्र पांढऱ्या पेशींचे केवळ आकारमानावरून तीन गट पाडते. न्यूट्रोफिल आणि इओसिनोफिल हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार त्याला वेगळे कळत नाहीत आणि अपक्व न्यूट्रोफिल तर मुळीच ओळखता येत नाहीत. स्लाइडवर त्या अपक्व पेशी पक्व पेशींपेक्षा अधिक होत्या, म्हणजे अस्थिमज्जेचा साठा संपत आला होता. त्याच रात्री शस्त्रक्रिया केली.

हिंगण्याकडील एका संकरित गाईच्या बाबतीतही यंत्राने फक्त रक्तक्षय सांगितला. त्याचे कारण, तांबड्या पेशींतील थायलेरिया हा परजीवी, कानाच्या शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या स्लाइडवरच दिसला. त्यामुळे माझे ठाम मत झाले आहे की यंत्र घेण्याआधी चांगली सूक्ष्मदर्शिका आणि तेलात बुडवून पाहण्याचे शंभर पटींचे भिंग घ्यावे. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर यंत्राची खरेदी थांबू शकते.

पक्ष्यांसाठी हे यंत्र निरुपयोगी आहे, आणि विक्रेत्याने दाखवलेल्या प्राण्यांच्या लांबलचक यादीवरून तसे वाटत नाही म्हणून हे स्पष्ट लिहितो. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाने कापलेल्या घारी शहरात सर्रास सापडतात. वन विभागाच्या उपचार केंद्रात मदतीला गेलो असताना अशाच एका घारीचा थोडा नमुना तेथील डॉक्टरांच्या संमतीने यंत्रावर लावून पाहिला. पांढऱ्या पेशींचा आकडा लाखांत गेला. पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असते. पेशी फोडल्या तरी केंद्रके उरतात आणि यंत्र त्यांना पांढऱ्या पेशी समजून मोजते. तेथे पेशी रंगवणारे नॅट-हेरिक द्रावण आणि न्यूबॉअर कक्ष (चौकटी आखलेली मोजणीची काच) घेऊन हातानेच मोजावे लागते. शिवाय वजनाच्या एक टक्क्याहून अधिक रक्त घेऊ नये, हा नियम जखमी पक्ष्यासाठी आणखी आखडता धरावा लागतो.

वन्य सस्तन प्राण्यांच्या अहवालांबद्दलही तरुण सहकारी विचारतात. तेथे आकड्यापेक्षा नमुना कसा मिळाला हे आधी विचारावे, असे मी सांगतो. पिंजऱ्यात धडपडणाऱ्या बिबट्याची प्लीहा आकुंचन पावून साठवलेल्या पेशी रक्तात सोडते, त्यामुळे हिमॅटोक्रिट वाढलेला दिसतो. झायलाझिन किंवा मेडेटोमिडिन देऊन निजवल्यावर प्लीहा पेशी साठवू लागते, तेव्हा हिमॅटोक्रिट उतरतो आणि रक्तातील साखर मात्र चढते. भूल दिल्याची वेळ आणि औषध यांची नोंद नसलेला अहवाल मी वाचतच नाही.

आता नागपूरच्या उन्हाळ्याविषयी. यंत्राच्या पुस्तिकेत खोलीचे तापमान १५ ते ३० अंश असावे असे लिहिले आहे, आणि मे महिन्यात आमच्याकडे बाहेर पंचेचाळीस अंश असतात. वीज गेली की इन्व्हर्टरवर यंत्र चालते, पण वातानुकूलन चालत नाही. अशा एका दुपारी नुसत्या द्रावणाची कोरी मोजणीसुद्धा मर्यादेबाहेर गेली आणि संध्याकाळपर्यंत सर्व नमुने थांबवावे लागले. गावाहून मोटारसायकलच्या डिकीत आलेल्या ट्यूबांचा प्रश्न याहून मोठा आहे. उष्णतेत तांबड्या पेशी फुगतात, त्यामुळे हिमॅटोक्रिट खोटाच वाढतो, आणि प्लेटलेट कमी होतात. आम्ही आता जांभळ्या टोपणाची ट्यूब खुणेपर्यंत भरून, कापडात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवायला सांगतो. ट्यूब थेट बर्फाला लागली तर पेशी फुटतात. स्लाइड मात्र गोठ्यातच ओढून वाळवायची. मे महिन्यात ती आपोआप वाळते. जुलैच्या दमट हवेत सावकाश वाळली, तर पेशींत चकाकणारे ठिपके उमटतात आणि नवखा माणूस त्यांना परजीवी समजतो.

सेवेबाबत माझी तक्रार आहे. फेब्रुवारीत यंत्राचे छिद्र तुंबले, तेव्हा अभियंता यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस जुन्या केशनळीच्या सेंट्रिफ्यूजने आणि स्लाइडने निभावले. दर्जा तपासण्याचे नियंत्रण-रक्त दोनदा कुरिअरमध्ये तापून आले, दोन्ही वेळा मी ते परत पाठवले आणि कंपनीने वाद न घालता बदलून दिले, हेही नमूद केले पाहिजे. हे रक्त उघडल्यावर थोडेच दिवस टिकते आणि महाग आहे, म्हणून ते न वापरता वर्षानुवर्षे यंत्र चालवणारे दवाखाने आहेत. मला ते पटत नाही, कारण चुकीचा आकडासुद्धा तितक्याच स्वच्छ अक्षरांत छापला जातो.

दिवसाला चार-पाच नमुने नसतील, तर यंत्राचा खर्च निघणार नाही. रोज सुरू आणि बंद करताना होणाऱ्या धुलाईतही द्रावण खर्च होते, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. आमच्याकडे सरासरी सात नमुने होतात. देखभाल कराराचे नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. तुंबलेले यंत्र तीन दिवसांत दुरुस्त होईल अशी लेखी अट घातली तरच मी त्यावर सही करणार आहे, आणि तसे पत्र कंपनीला कालच पाठवले आहे.