वर्ल्ड रीजनल जिऑग्रफी घ्यावा का? पंधरा आठवडे करून आलेल्या बाईचं मत

अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायचं म्हणून गेल्या वर्षी न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) नाव घातलं. पदवीसाठी सोशल सायन्सचे ३ क्रेडिट लागत होते, म्हणून ‘वर्ल्ड रीजनल जिऑग्रफी’, म्हणजे जगाच्या एकेका प्रदेशाचा भूगोल, हा कोर्स घेतला. मंगळवार-गुरुवार संध्याकाळचा वर्ग. ओळखीतल्या दोघी-तिघींनी विचारलं, घ्यावा का? घ्या. फक्त पुस्तकाचे पैसे भरण्याआधी पुढचं वाचा.

शाळेत आपण देश, राजधानी, मुख्य पिकं एवढं पाठ केलं. इथे जगाचे दहा-बारा प्रदेश पाडलेले आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न धरून बसतात : हे इथेच का? पहिल्याच तासाला मॅडमनी मर्केटरचा नकाशा लावला. १५६९ साली खलाशांसाठी काढलेला. त्यात दिशा बरोबर धरता येते, पण ध्रुवांकडे जावं तसे भूभाग फुगत जातात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं; खरं तर आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. आमच्या शाळेच्या भिंतीवर असंच फुगलेलं ग्रीनलंड होतं, आणि मी ते इतकी वर्षं खरं धरून चालले होते.

मला हा कोर्स खरा भिडला तो मध्य आशियाच्या आठवड्यात. पडद्यावर अरल समुद्राची उपग्रहातून घेतलेली चित्रं, एकाशेजारी एक. नावाला समुद्र, पण १९६० च्या सुमारास हे आकाराने जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होतं. सोव्हिएत काळात अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचं पाणी कालव्यांनी वाळवंटात वळवलं, कशासाठी, तर कापसासाठी. नद्यांचं पाणी पोचेना, समुद्र आटत गेला. उझबेकिस्तानातलं मुयनाक हे मासेमारीचं बंदर. तिथल्या बोटी आता वाळूवर गंजत उभ्या आहेत, आणि पाणी शंभरावर किलोमीटर लांब गेलंय. तळातलं मीठ आणि शेतातून वाहून आलेली फवारणीची औषधं वाऱ्याबरोबर गावांवर उडतात.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. बाबांची पऱ्हाटी, म्हणजे कापूस, कोरडवाहू. मृगाचा पाऊस लांबला की घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. पाणी नाही म्हणून कापूस बुडताना मी पाहिलाय. कापसाला पाणी दिलं म्हणून समुद्र बुडाला, हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी हात वर करून आमच्या काळ्या जमिनीबद्दल सांगितलं, ती ओल कशी धरून ठेवते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा कशा पडतात. मॅडमनी खुर्ची ओढली आणि वर्गाचा बराच वेळ त्यावरच गेला. अरलच्या उत्तरेकडे कझाकस्तानाने २००५ साली कोक-अरल धरण पुरं केलं, तिथे पाणी चढलं, मासे परत आले, हेही त्यांनी त्याच तासाला दाखवलं. माणसाने बिघडवलेलं थोडं तरी सावरता येतं, हे पाहून मला फार बरं वाटलं.

वर्गातली मुलं हीसुद्धा या कोर्सची मोठी कमाई. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाचा एक मुलगा शेजारी बसायचा. तो म्हणाला, आमच्या देशाचा नकाशा काढायचा म्हणजे नदी काढायची. खरंच, नदीच्या दोन्ही काठांची चिंचोळी पट्टी आणि समुद्राची बाजू सोडली तर तिन्हीकडे सेनेगल. इंग्रज आणि फ्रेंचांनी आखलेली सीमा.

दर आठवड्याला कोऱ्या नकाशावर चाचणी असते. स्लोव्हाकिया-स्लोव्हेनिया, नायजर-नायजेरिया इथे हमखास गुण जातात. मी स्वयंपाकघरात ओट्यासमोर कोरा नकाशा चिकटवून कणीक मळताना घोकायचे. रोजची वीस मिनिटं पुरतात.

आता तक्रारी. दक्षिण आशियाला एकच आठवडा. मान्सून म्हणजे अरबी समुद्रावरून आलेला एक बाण, संपलं. पुस्तकात पश्चिम घाटाचं नाव आहे, पण पर्जन्यछाया (डोंगराच्या आडोशाला पाऊस कमी पडतो तो भाग) शिकवायला दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत घेतला. माझं सासर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून सरळ रेषेत शंभरएक किलोमीटरवर आमच्या दहिवडीकडे पाचशेच्या आसपास; पर्जन्यछायेचं इतकं ठसठशीत उदाहरण असताना ते पुस्तकात नसावं याचं मला मनापासून वाईट वाटलं. शेवटच्या प्रेझेंटेशनला मी तोच विषय घेतला.

दुसरी तक्रार पैशांची. जुन्या आवृत्तीचं पुस्तक स्वस्तात मिळालं होतं, पण गृहपाठ ऑनलाइन आणि तो उघडायचा कोड वेगळा विकत घ्यायला लावला. सत्र सुरू होऊन आठवडा झाल्यावर कळलं, तोवर पहिल्या गृहपाठाचे गुण गेले. नोंदणी करतानाच विचारा : कोड लागतो का? जुनी आवृत्ती चालते का? पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जायचं असेल तर तिथे हे क्रेडिट धरतात का, तेही आधीच विचारून घ्या.

घरून ऑनलाइन करण्याचीही सोय आहे. जमत असेल तर वर्गातच बसा. तो गांबियाचा मुलगा स्क्रीनवर भेटला नसता. माझे कोरे नकाशे अजून जपून ठेवलेत, कोणाला हवे असतील तर स्कॅन करून पाठवते.