पापे पदरी घेतली तर : मोठ्या अक्षरांचे मराठी पवित्र शास्त्र, दोन वर्षांच्या वाचनानंतर

दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर माझे लग्नातले जुने पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणे मला अशक्य झाले, म्हणून दोन वर्षांपूर्वी लेंट, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, सुरू होण्याच्या आठवड्यात मी सोलापुरातील ख्रिस्ती साहित्याच्या एका लहान दुकानातून मोठ्या अक्षरांची प्रत विकत घेतली. दुकानदार म्हणाले, "काकू, आधी बसून एक अख्खा अध्याय वाचून बघा, डोळ्यांना त्रास झाला नाही तरच घ्या." त्यांनी खुर्ची दिली, पंखा लावला आणि मी लूकचा पंधरावा अध्याय सावकाश वाचून काढला. पुस्तक विकताना इतका धीर धरणारा माणूस आता क्वचित भेटतो. या प्रतीविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते, परंतु तिच्यातील ज्या शब्दांनी मला खरोखर हलवले त्यांच्याविषयी माझी स्वतःची गोष्ट सांगितल्याशिवाय लिहिता येत नव्हते, आणि ती सांगण्याचे धैर्य येण्यास एवढा वेळ लागला.

बाह्य रूपाविषयी थोडक्यात सांगते. अक्षर ठसठशीत आहे, जोडाक्षरे फुटलेली नाहीत, आणि संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडातही ओळ सुटत नाही. जुन्या कराराची ३९ आणि नव्या कराराची २७ अशी ६६ पुस्तके एका खंडात मोठ्या टायपात बसवायची म्हणजे कागद पातळ ठेवावाच लागतो. त्यामुळे मागच्या पानाची छाया पुढच्या पानावर दिसते आणि स्तोत्रसंहितेत, जिथे ओळी तुटक असतात, तिथे ती जास्त जाणवते. ग्रंथ जड आहे. मांडीवर घेऊन वाचणे मला जमत नाही, मी तो उशीवर ठेवून वाचते. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की रेक्झिनचे कव्हर हाताला चिकटते, म्हणून मी त्याला जुन्या सुती चादरीच्या तुकड्याचे आवरण शिवले आहे. पुठ्ठ्याजवळची शिवण पहिल्याच वर्षी थोडी सैल झाली, ही मात्र खरी उणीव आहे, कारण असा ग्रंथ माणूस आयुष्यभरासाठी घेतो. रेशमी वाचनखूण एकच आहे, त्या दोन तरी हव्या होत्या.

आता भाषेविषयी. या प्रतीत आपल्या मंडळ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाचले जाणारे जुने भाषांतर आहे. आमच्या घरातील तरुण मुले ते जड म्हणून बाजूला ठेवतात आणि सोप्या मराठीतले भाषांतर मोबाइलवर वाचतात. त्यांना मी दोष देत नाही. परंतु पापकबुली, क्षमा आणि देवावरचा विश्वास या तीन गोष्टींसाठी या जुन्या भाषांतराने जे शब्द वापरले आहेत ते इतके आपल्या मातीतले आहेत की त्यांच्या जागी दुसरे शब्द आले की अर्थाचा एक मोठा भाग गळून पडतो, असे माझे ठाम मत आहे.

योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील नववे वचन आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे : "जर आपण आपली पापे पदरी घेतली," तर देव विश्वसनीय व न्यायी असल्यामुळे त्यांची क्षमा करील. मूळ ग्रीक क्रियापदाचा शब्दशः अर्थ 'तेच म्हणणे' असा आहे, म्हणजे माझ्या कृत्याविषयी देव जे म्हणतो तेच मीही म्हणणे. भाषांतरकारांना 'कबूल केली' असे लिहिता आले असते, आणि तेही चुकीचे नसते. परंतु कबुली तोंडाने देता येते आणि तोंडातच संपवता येते. पदरी घेणे म्हणजे ती वस्तू माझी आहे असे म्हणून ती अंगावरच्या वस्त्रात बांधून घेणे. माझी आई लुगड्याच्या पदराच्या टोकाला पैसे बांधून त्यावर गाठ मारीत असे. ती गाठ म्हणजे तिची जबाबदारी होती, आणि झोपतानासुद्धा तिचा हात त्या गाठीवर असे. हे वचन वाचताना मला नेहमी ती गाठ दिसते.

मराठीत याच घरातले आणखी दोन वाक्प्रचार आहेत. एखाद्याची चूक त्याच्या पदरात घालणे, म्हणजे दुसऱ्याने ती दाखवून देणे. आणि अपराध पोटात घालणे, म्हणजे क्षमा करणे. २ शमुवेलच्या बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा दावीद राजाकडे येतो, गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो, आणि राजा संतापल्यावर तो मनुष्य तूच आहेस असे म्हणून त्याचे पाप त्याच्या पदरात घालतो. दावीद राजा होता. तो नाथानाला कैदेत टाकू शकला असता, ज्याची बायको त्याने घेतली आणि ज्याला लढाईत पुढे पाठवून मारवले त्या उरीयाचा मृत्यू युद्धात झाला असे म्हणू शकला असता, आणि ते वरवर पाहता खरेही होते. तसे न करता तो एका वाक्यात ते पदरी घेतो, आणि त्याच श्वासात देवाने ते दूर केल्याचे त्याला सांगितले जाते. क्षमा मिळाली तरी त्या पापाचे परिणाम त्याच्या घरात पुढे उमटतच राहिले, हेही शास्त्र लपवत नाही. या प्रतीत दावीदाच्या पश्चात्तापाच्या ५१व्या स्तोत्राचा मथळा स्पष्ट छापला आहे, त्यामुळे हे स्तोत्र नाथान आल्यानंतरचे आहे हे वाचकाच्या ध्यानात राहते. घाईने वाचणाऱ्याने तो मथळा गाळू नये.

माझी गोष्ट आता सांगते. आईने मृत्यूपूर्वी आपल्या दोन पाटल्या माझ्याकडे दिल्या होत्या, धाकट्या बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी. नव्वदच्या दशकात यजमानांची गिरणी बंद पडली, घरात दोन मुले शिकणारी होती, आणि मी त्यांतील एक पाटली मोडली. गरज खरी होती. परंतु भाचीच्या लग्नात मी बहिणीच्या हातात एकच पाटली ठेवली आणि आईने एवढेच दिले होते असे सांगितले, आणि ते खोटे होते. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ मी दर महिन्याला प्रभुभोजनाआधी सर्वांबरोबर उभी राहून पापकबुलीचे शब्द म्हणत आले. ते शब्द मी मनापासूनच म्हणत होते असे मला वाटे. मात्र त्या सार्वजनिक कबुलीत माझी पाटली कधी आली नाही. 'आम्ही' या शब्दाआड ती सुखाने बसून राहिली. आमच्या शेजारच्या कॅथलिक बाई धर्मगुरूंसमोर जाऊन पापनिवेदन करतात, आणि धर्मगुरूंनी ऐकलेले कोणालाही सांगायचे नसते हा त्यांच्या चर्चचा कडक नियम आहे. आम्हा प्रॉटेस्टंटांना वाटते की देवाशी थेट बोलता येत असल्यामुळे आपल्याला मध्यस्थाची गरज नाही, आणि ते मी आजही मानते. परंतु याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास सांगितले आहे, आणि ते वचन आम्ही फार हलक्या हाताने उलटतो.

सोलापूरहून रेल्वेने पुण्याकडे जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागते. तेथील पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या संजीवनात, म्हणजे आत्मिक जागृतीच्या लाटेत, मुली रडून आपापली पापे उघडपणे सांगत होत्या, हे आपल्या आजीपणजींच्या पिढीने ऐकलेले आहे. याच रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्राचे भाषांतर केले. विद्वान स्त्रीने साध्या शब्दांसाठी एवढे कष्ट घेतले, ही गोष्ट मला या विषयाच्या अगदी जवळची वाटते, कारण कबुलीला अलंकार चालत नाहीत. मी बहिणीकडे गेले तेव्हा माझ्याजवळ तीनच वाक्ये होती : आईने दोन पाटल्या दिल्या होत्या, एक मी मोडली, आणि तुला खोटे सांगितले. गिरणीचा विषय मी काढला नाही. तो काढला असता तर पदरातली गाठ मीच सैल केली असती.

बहीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आक्का, तू मागितली असतीस तर मी दोन्ही दिल्या असत्या." त्या वाक्याला माझ्याजवळ आजही उत्तर नाही.

लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कय फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे वचन देतो, तेही येशूने आपण होऊन त्याच्या घरी उतरायचे म्हटल्यावर. परतफेड करून त्याने क्षमा विकत घेतली नव्हती, क्षमा मिळाल्यामुळे त्याचा हात सुटला होता. मला चौपट जमले नाही. पाटलीच्या वजनाइतक्या सोन्याचे त्या दिवसाच्या दराने होणारे पैसे मी पेन्शनमधून हप्त्यांनी दिले, आणि बहिणीने ते घेतले. तिने ते घेतले याबद्दल मी देवाचे आभार मानते, कारण 'राहू दे' म्हणून तिने ते नाकारले असते तर मला अधिक जड गेले असते.

प्रभूच्या प्रार्थनेत हे भाषांतर पापाला 'ऋण' म्हणते आणि क्षमेला 'सोडणे' म्हणते : "तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." मत्तयाच्या मूळ ग्रीकमध्येही शब्द कर्जाचाच आहे, तेव्हा येथे भाषांतर अगदी काटेकोर आहे. याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात ज्या दासाचे कर्ज राजा सोडतो ते मूळ ग्रीकमध्ये दहा हजार तालांतांचे आहे. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. त्याच्या सोबत्याचे त्याला जे देणे होते, आणि जे सोडायला तो दास तयार झाला नाही, ते १०० दिनारांचे, म्हणजे तीन-चार महिन्यांच्या मजुरीचे, आणि यंत्रमागावर राबणाऱ्या घराला तीन-चार महिन्यांची मजुरी किती मोठी असते हे सोलापूरकराला सांगावे लागत नाही. येशू ते देणे क्षुल्लक म्हणत नाही. माझ्यावर झालेला अन्याय खराच होता, हे मान्य करूनच तो मला ते सोडण्यास सांगतो. ही मोजमापे पानाच्या तळाशी टीप म्हणून अधिक ठळकपणे द्यायला हवी होती, कारण त्यांच्याशिवाय या दाखल्याचा भार वाचकाला कळत नाही.

तिसरा शब्द विश्वासाचा. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात "तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव" असे आहे, आणि ३७व्या स्तोत्रात आपला जीवितक्रम परमेश्वरावर सोपवून त्याच्यावर भाव ठेवण्यास सांगितले आहे. पंढरपूरच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला 'भाव' हा शब्द शिकवावा लागत नाही. विश्वास म्हणजे एखादी गोष्ट खरी मानणे, इतका कोरडा अर्थ आपण करून बसतो. भाव मात्र ठेवायचा असतो, रोज, जिथे ठेवला तिथून न उचलता. बहिणीपुढे मी बोलले त्या दिवसापर्यंत मला वाटत होते की देवावर भरवसा ठेवणे म्हणजे तो सर्व काही सुरळीत करील असे धरून चालणे. देवाने मला क्षमा केली आहे याविषयी आता मला शंका नाही, कारण ती त्याच्या वचनावर उभी आहे, माझ्या मनाच्या अवस्थेवर नाही. बहिणीचे मन मात्र तिचे आहे. ती फोनवर बोलते, प्रकृतीची चौकशी करते, परंतु गेल्या दोन्ही नाताळांना ती आमच्याकडे आली नाही. हा काळ भाव ठेवण्याचा आहे, आणि तो किती लांबेल हे माझ्या हातात नाही.

ज्यांची दृष्टी मंदावली आहे त्यांनी ही प्रत जरूर घ्यावी, मात्र शिवण तपासून घ्यावी आणि पहिल्याच महिन्यात कापडी आवरण शिवून घ्यावे. नव्याने वाचणाऱ्या तरुणांनी सोपे भाषांतर सोबत ठेवावे आणि ५१वे स्तोत्र, मत्तयाचा अठरावा अध्याय व योहानाचे पहिले पत्र दोन्हींतून वाचावे. दुकानात पाठवून मागवण्यापेक्षा स्वतः जाऊन खुर्चीवर बसून एक अध्याय वाचावा, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांना कोणते अक्षर मानवेल ते दुसऱ्याला ठरवता येत नाही.

बहिणीलाही आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून गेल्या महिन्यात मी याच दुकानातून दुसरी प्रत आणली आणि तिलाही चादरीच्या उरलेल्या तुकड्याचे आवरण शिवले. ती अजून माझ्याच कपाटात आहे. आज ती तिच्या हाती दिली, तर मी क्षमेची वचने तिच्या पदरात घालते आहे असे तिला वाटेल, आणि तसे करण्याचा अधिकार मला नाही. तिने होऊन विचारले की देईन.