विपश्यना आणि मंगल मैत्री: नवलाई ओसरल्यानंतरचा अनुभव

विपश्यना या ध्यानपद्धतीच्या दहा दिवसांच्या शिबिराबद्दल जे काही वाचायला मिळतं, ते बहुतेक शिबिरातून परतल्यावर पहिल्या आठवड्यात लिहिलेलं असतं. तेव्हा माणूस हवेत असतो. रिक्षावाला, भाजीवाली, अगदी सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा आपला वाटतो. म्हणून मी मुद्दाम थांबले. आता वर्ष होत आलंय आणि हातात काय उरलं ते सांगता येईल.

गेले कशासाठी, ते आधी सांगते. वडील गेल्यावर कोकणातल्या घरावरून दादाशी फाटलं. बोलणं बंद झालं. रात्री दोनला जाग यायची आणि मनातल्या मनात त्याला सुनावणं सुरू व्हायचं. मान आखडलेली, रिपोर्ट सगळे नॉर्मल. मैत्रिणीने रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायला वही आणून दिली. पाणी वेळेवर आलं, बस मिळाली, आमटी बरी झाली असं लिहीत गेले. पण लिहिताना आत काही हलत नव्हतं, त्यामुळे वही सुटली.

शिबिराचं वेळापत्रक सगळीकडे तेच असतं. पहाटे चारला घंटा, साडेनऊला दिवे बंद, मध्ये दहा तासांहून जास्त बैठक. मोबाईल, वही-पेन, पुस्तक काही नाही. बोलणं तर नाहीच, त्याला आर्य मौन म्हणतात. पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना तटस्थपणे बघत जायचं. तिथून पुढे दिवसातून तीनदा अधिष्ठान: तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत. माझे गुडघे तेव्हा जे काही बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण मला सांगायचंय ते जेवणाबद्दल. या शिबिराला फी नाही. राहणं, जेवण, काही नाही. आणि दान द्यायचं म्हटलं तरी शिबिर पूर्ण केल्याशिवाय ते घेतच नाहीत. म्हणजे माझ्या ताटातल्या वरणभाताचे पैसे माझ्या आधी येऊन गेलेल्या कुणीतरी भरलेले. वाढणाऱ्या बायकाही पगारी नाहीत, जुन्या साधिका. रजा टाकून पोळ्या लाटायला आलेल्या. सहाव्या-सातव्या दिवशी, नळाखाली स्वतःचं ताट घासताना, मला एकाएकी भडभडून आलं. कृतज्ञ राहा असं कुणी सांगितलं नव्हतं. ज्याचे आभार मानायचे तो माणूसच माहीत नव्हता, आणि परतफेड करायची सोयही नव्हती. वहीत जे जमलं नाही ते इथे झालं, कारण इथे मी खरोखर कुणाचं तरी खात होते. अंगुत्तर निकाय या पाली बौद्ध ग्रंथात बुद्धाने दोन माणसं जगात दुर्मिळ सांगितली आहेत: आपणहून आधी उपकार करणारा, आणि झालेला उपकार जाणणारा. शिबिराची सगळी व्यवस्था या दोघांवर चालते, हे मला प्रवचनांपेक्षा त्या मोरीपाशी जास्त कळलं.

मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याची साधना, शिकवतात थेट दहाव्या दिवशी. आधी खोल शस्त्रक्रिया, मग मलम, असं प्रवचनात सांगतात. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. मनात दादाबद्दल आग असताना ‘तुझं भलं होवो’ म्हणणं हा शुद्ध खोटेपणा झाला असता. नऊ दिवस ती आग अंगात कुठे असते ते बघून झालेलं असतं: छातीत दडपण, कानाच्या पाळ्या गरम, जबडा आवळलेला. ती येते, वाढते, जाते. एकदा हे दिसलं की त्या माणसाचं भलं चिंतणं निदान शक्य कोटीतलं वाटायला लागतं.

घरी आल्यावर मैत्री करताना मी एक बदल केला. ‘विसुद्धिमग्ग’ या पाचव्या शतकातल्या पाली ग्रंथात मैत्रीची पायरी दिलेली आहे: आधी स्वतः, मग आदराचं-प्रेमाचं माणूस, मग ना सख्खं ना वैरी असं कुणीतरी, आणि शेवटी ज्याच्याशी वाकडं आहे तो. (हा ग्रंथ संपादित करण्यात आपल्या गोव्याच्या, सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली. मराठी माणसाला हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.) वैऱ्यापासून सुरुवात करू नका असं तिथे स्पष्ट सांगितलंय. मी कित्येक आठवडे दादाकडे वळलेच नाही. तिसऱ्या पायरीवर आमच्या बँकेत पेन्शनला येणारे एक आजोबा घेतले.

हा भाग मला सगळ्यात जास्त लागू पडला. महिन्याचा पहिला आठवडा म्हणजे काउंटरवर पेन्शनरांची रांग. हे आजोबा पासबुक भरून घेतात, बाजूला होतात, पुन्हा येतात आणि ‘ताई, जमा झालेत ना हो?’ असं विचारतात. एंट्री समोर छापलेली. पूर्वी मी ‘आजोबा, लिहिलंय ना तिथे!’ म्हणून पुढच्याला बोलवायचे. आता जबडा आवळला जातोय हे बोलायच्या आधी कळतं, आणि तेवढ्या वेळात पेनने आकड्याखाली रेघ मारून वाचून दाखवता येतं. मी काही संत झालेले नाही. मार्चअखेरीला दोन-तीन जणांवर खेकसलेच. पण रोजच्या कामात करुणा नावाची जी काही गोष्ट असते, ती माझ्या अनुभवात या अर्ध्या सेकंदाएवढीच आहे.

दादाचं म्हणाल तर, मेच्या अखेरीला त्याचा फोन आला, शाकारणीसाठी. नाव दिसताच कान तापले, मी दोन श्वास तसेच जाऊ दिले आणि उचलला. कौलं किती बदलायची, माणसं कधी मिळतील, एवढंच बोलणं झालं. माझा अर्धा हिस्सा त्याच संध्याकाळी पाठवला, हिशेब मागितला नाही. घराच्या वाटणीचा दावा मात्र मागे घेतलेला नाही आणि घेणारही नाही. मैत्री भावना करतेस मग केस कसली लढतेस, असं एका नातेवाइकांनी ऐकवलं. हक्क सोडायला कुणीही शिकवलेलं नाही. रात्री दोनचं भांडण सुटलं, कोर्टातलं चालू आहे. मान अजून अधूनमधून धरते, पण झोप लागते.

आता न आवडलेलं. रोज सकाळी तास, संध्याकाळी तास बसा, असं सांगतात. नोकरी, स्वयंपाक, सासूबाईंची औषधं सांभाळणाऱ्या बाईला दोन तास कुठून मिळणार? माझी सकाळची बैठक टिकली, संध्याकाळची पावसाळ्यापर्यंतही तग धरू शकली नाही. दुसरं, काही जुने साधक बाकीच्या सगळ्या मार्गांना कमी लेखतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, चहा घेऊन निघते. तिसरं, दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सरळ एसटी स्टँडवर. तो गोंगाट अंगावर येतो. निदान एक दिवस रजा जास्त टाका.

आणि याला औषध समजून जाऊ नका. ही शिबिरं भारतात सुरू करणारे गोयंका गुरुजी स्वतः म्यानमारमध्ये असताना अर्धशिशीने बेजार होते, म्हणून तिथले विपश्यना आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. फक्त डोकेदुखीसाठी येत असाल तर येऊ नका, असं त्यांनाही ऐकावं लागलं होतं. १९६९ साली भारतात आल्यावर आणि पुढे इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र उभं राहिल्यावरही त्यांनी तेच सांगितलं. गंभीर मानसिक आजार असेल तर केंद्रंच हे शिबिर करू नका म्हणतात. फॉर्ममध्ये गोळ्या-औषधांचा रकाना असतो, तो लपवाछपवी न करता भरा आणि आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तरी, माझ्या मते, काही महिने जाऊ द्या.

नोंदणी ऑनलाइन होते. सुट्टीच्या महिन्यांतल्या जागा पटकन भरतात, त्यामुळे आधीपासून बघून ठेवा. सैल सुती कपडे, अलार्मचं साधं घड्याळ आणि थंडीत जात असाल तर पहाटेसाठी शाल. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्ची मागा, देतात. मी चौथ्या दिवसापर्यंत मागितली नाही, कारण पुढच्या रांगेतल्या सत्तरीच्या काकू मांडी घालून ताठ बसलेल्या होत्या.