दोन वर्षांच्या मोफत उपचारांसह मिळालेले पिल्लू

समुद्रकाठच्या महागड्या शहरात, तेही भाड्याच्या घरात, कुत्रा पाळायचा म्हटले की खर्चाचा हिशेब पिल्लू घरी येण्याआधीच सुरू होतो. माझी फसवणूक या हिशेबातूनच झाली, म्हणून आधी तोच सांगते. घरमालकाने परवानगी देताना डिपॉझिट वाढवून मागितले होते. दमट हवेत कानांचे आणि त्वचेचे विकार, गोचीड आणि पिसवा यांवर सतत खर्च होत राहतो, हे शेजाऱ्यांकडून ऐकले होते. आणि जागेची भाडी जिथे एवढी, तिथे दवाखान्यांचे दरही त्याच मानाने चढलेले होते. खाणे, लसी, जंतनाशके, आपण बाहेरगावी गेल्यावर सांभाळण्याची सोय, असे सगळे कागदावर मांडले तेव्हा पहिल्या वर्षाचा खर्चच पिल्लाच्या किमतीच्या कितीतरी पुढे गेला. मला भीती होती ती किमतीची नव्हे, आजारपणाच्या बिलाची, आणि विकणाऱ्याने ती फोनवरच्या पहिल्या पाच मिनिटांत ओळखली.

त्याची जाहिरात मी इंटरनेटवर पाहिली. किंमत इतरांपेक्षा थोडीच कमी होती. फारच कमी असती तर कदाचित मी सावध झाले असते. पिल्लू 10 आठवड्यांचे आहे, दोन लसी झाल्या आहेत, कातडीखाली ओळख क्रमांकाची मायक्रोचिप बसवली आहे, आणि वर थोडे पैसे भरल्यास दोन वर्षे मोफत उपचारांचे कार्ड मिळेल, असे त्याने सांगितले. पिल्लाची आई पाहायची आहे असे मी म्हणताच तो म्हणाला, “ताई, एका खोलीत आम्ही पाच माणसं राहतो, तुम्हाला बसवू कुठे? आणि घरात पिल्लं आहेत हे मालकाला कळलं तर खोलीच जाईल.” जी अडचण मी स्वतः रोज भोगत होते तीच त्याने पुढे केल्यामुळे मला ती खरी वाटली, इतकी की पुन्हा विचारायचा मलाच संकोच वाटला. जागेची टंचाई असलेल्या शहरात आई न दाखवण्यासाठी याहून सोयीची सबब सापडणार नाही.

व्यवहार एका वाहनतळात झाला. गाडीच्या मागच्या सीटवर पुठ्ठ्याचे खोके होते आणि त्यात वर्तमानपत्राच्या कपट्यांवर पिल्लू झोपले होते. मी रोख पैसे दिले, त्याने प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कागद दिले, आणि दहा मिनिटांत तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिल्लाला जवळच्या पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी लसीची पुस्तिका उघडून माझ्यासमोर धरली. दोन्ही नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेल्या होत्या; लसीच्या बाटलीवरचे बॅच क्रमांकाचे लेबल काढून पुस्तिकेत चिकटवतात, ते कुठेच नव्हते, आणि डॉक्टरांची सही होती पण नोंदणी क्रमांक नव्हता. मग त्यांनी पिल्लाचे तोंड उघडून दाखवले. मागच्या दुधाच्या दाढा अजून हिरडीतून पूर्ण वर आल्या नव्हत्या, म्हणजे वय फार तर सहा आठवडे. आईपासून किमान आठ आठवडे तोडू नये असे पिल्लू तिच्याकडून आधीच काढून आणलेले होते. चिप वाचण्याचे यंत्र खांद्यांवरून, मानेवरून, पोटापर्यंत फिरवले तरी त्यावर काहीच उमटले नाही. कागदावरचा चिपचा क्रमांक त्यांनी बोटाने मोजला, तर तो 14 अंकी निघाला. आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रमांक 15 अंकी असतो. खोटा क्रमांक लिहितानाही त्या माणसाने अंक मोजण्याची तसदी घेतली नव्हती.

त्याच रात्री पिल्लाला उलट्या सुरू झाल्या आणि पहाटे रक्ताचे जुलाब. विष्ठेची तपासणी झाली, पार्व्हो हा कुत्र्यांच्या आतड्यांचा विषाणूजन्य रोग निघाला. या रोगावर विषाणू मारणारे खात्रीचे औषध नाही; शरीर स्वतः लढेपर्यंत सलाइन, उलट्या थांबवणारी औषधे आणि प्रतिजैविके यांवर पिल्लाला तगवावे लागते, आणि तेही वेगळ्या ठेवलेल्या कक्षात. पाच दिवसांचे बिल पिल्लाच्या किमतीच्या तिपटीहून अधिक झाले. ते मोफत उपचारांचे कार्ड मी मोठ्या आशेने त्यावर छापलेल्या दवाखान्यात घेऊन गेले, तेव्हा तिथल्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिले आणि आपल्याकडे अशी कोणतीही योजना कधीच नव्हती, असे शांतपणे सांगितले. असे कार्ड घेऊन येणारी मी तिसरी होते. कार्ड विकत घेण्याआधी त्या दवाखान्याला एक फोन करायचा मला सुचला नव्हता.

मी विकणाऱ्याला फोन केला. “लागण तुमच्याच घरात झाली असेल,” असे त्याचे म्हणणे. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला साधारण तीन ते सात दिवस, कधी त्याहून अधिक लागतात, आणि उलट्या सुरू झाल्या तेव्हा पिल्लू माझ्याकडे येऊन दीड दिवसही झाला नव्हता, हे मी सांगू लागले तेव्हा त्याने फोन ठेवला. त्यानंतर तो नंबर लागलाच नाही.

पिल्लू वाचले. पुढचे कित्येक दिवस मी फरशी पातळ केलेल्या ब्लीचने पुसत होते, कारण हा विषाणू घरात महिनोन् महिने टिकतो आणि साध्या साबणाने जात नाही. खऱ्या लसी पहिल्यापासून सुरू झाल्या. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू होत नाही, म्हणून 16 आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा टोचावी लागते. सहा आठवड्यांच्या पिल्लाच्या ‘दोन लसी पूर्ण’ या शब्दांना म्हणूनच काही अर्थ नव्हता, पण हे मला पैसे दिल्यानंतर समजले.

तक्रार करायला गेले तेव्हा अधिकाऱ्यांनी फोल्डरमधली पावती मागितली. घरी मी ती कधी नीट वाचलीच नव्हती. तिथे टेबलापाशी उभी राहून वाचली, तर रक्कम बरोबर होती, तारीख बरोबर होती, माझी सहीही होती. फक्त ‘विक्री’ हा शब्द कुठेच नव्हता. त्या जागी लिहिले होते, ‘दत्तक देणाऱ्यास स्वेच्छेने दिलेली देणगी’.